इलेक्ट्रिक सायकल, पंधरा वर्षांचा मुलगा आणि 'लायसन नको हो मॅडम'

म्हार्दोळची_जाई (मंगळवार, रात्री ९:५०)

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढते आहे. चूकभूल द्यावी घ्यावी.

मुलगा दहावीत, वय १५. शाळा झाली की फोंड्याला क्लास. नवरा बोटीवर, सहा महिने घरी नसतो. मी बँकेत. सासूबाईंचे गुडघे तुम्हाला ठाऊकच असतील, सगळ्यांच्या सासूबाईंचे तसेच असतात. क्लासला सोडायला-आणायला माणूस नाही, म्हणून मे महिन्यात त्याला इलेक्ट्रिक सायकल घेऊन दिली. ३८ हजार. दुकानदाराने तीनतीनदा सांगितलं, "लायसन नको, नंबर नको, इन्शुरन्स नको, हेल्मेटपण नको हो मॅडम. सायकलच ही. पोलीस हातसुद्धा लावणार नाहीत."

पेडल आहेत, पण पोराने ती मारलेली मी एकदाही पाहिली नाहीत. मूठ पिळायची की पळते.

गेल्या गुरुवारी एका जंक्शनवर त्याला थांबवलं. शिपायाने सायकल स्टँडवर लावायला लावली, मागचं चाक अधांतरी, आणि मूठ पूर्ण पिळली. काटा ४१ वर. "कागद?" कागद नाही. "लायसन?" तेही नाही. शेवटी म्हणाला, "आज सोडतो. आईला सांग, पुढच्या खेपेला २५ हजार तयार ठेव." पोरगं घरी आलं ते पांढरंफटक पडून.

पुण्याचा भाऊ म्हणतो, "आमच्याकडे काही लागत नाही, तुमच्या गोव्याचाच कायदा वेगळा असेल." खरंच प्रत्येक राज्याचा वेगळा कायदा असतो का? आणि हे २५ हजार कुठून आले?

---

काणकोणचं_कासव (मंगळवार, रात्री १०:०२)

जागा पकडली. शेंगदाणे घेऊन बसलो आहे.

---

वायर_पक्कड (मंगळवार, रात्री १०:३५)

ताई, सायकलीला पेडल आहे की नाही याने तसा फारसा फरक पडत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, त्यातला नियम २(यू). बॅटरीवरचं वाहन 'मोटार वाहन' कधी धरायचं नाही ते तिथे लिहिलंय. मोटारची तीस मिनिटांची शक्ती ०.२५ किलोवॉटपेक्षा कमी हवी आणि जास्तीत जास्त वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी हवा. दोन्ही एकत्र, यातलं एक चालणार नाही. पेडल मारताना मदत करणाऱ्या सायकलींसाठी पुढे आणखी आहे: २५ च्या जवळ जाताना मोटारचा जोर हळूहळू उतरत जाऊन बंद पडला पाहिजे, पाय थांबले तरी बंद पडला पाहिजे. शिवाय बरे ब्रेक, पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर.

आता 'तीस मिनिटांची शक्ती' हे काय प्रकरण? मोटार सलग अर्धा तास जेवढा भार तापून न जळता ओढते, ती. चढावर दोन मिनिटं तीच मोटार ४०० वॉट खाईल, त्याला हरकत नाही. त्यामुळे दुकानदार जेव्हा "पीक पाचशे आहे, रेटेड अडीचशे" म्हणतो तेव्हा तो खोटंच बोलतोय असं नव्हे. पण खरंच बोलतोय असंही नव्हे.

या सगळ्याच्या आधी नियमात एक वाक्य आहे, ते कोणी वाचत नाही. या अटी नियम १२६ मधल्या चाचणी संस्थेने तपासून मंजूर केलेल्या असल्या पाहिजेत. म्हणजे पुण्याची एआरएआय, मानेसरची आयकॅट, नगरची व्हीआरडीई वगैरे. तुमच्या शिपायाने "कागद?" म्हणून विचारलं ना, तो हाच कागद. आरसी बुक नव्हे.

शिपायाचा ४१ मात्र थोडा फुगलेला. चाक हवेत असताना ओझं नसतं, काटा वर जातो. रस्त्यावर पोराला बसवलंत तर ३३-३४ भरेल. तरी २५ च्या वरच.

---

मुंडकार (मंगळवार, रात्री ११:२०)

वर वायर_पक्कड यांनी निम्मं काम केलंच आहे. उरलेलं मी करतो. (पेशाने वकील. फुकट सल्ला असल्यामुळे त्याच भावाने घ्यावा.)

तुमच्या बंधूंना सांगा, पुण्यात आणि फोंड्यात व्याख्या एकच. यांत्रिक वाहनं हा विषय घटनेच्या समवर्ती यादीत (केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो ती), नोंद ३५. मोटार वाहन कायदा १९८८ हा संसदेचा आणि वरचा नियम केंद्राचा. गोवा विधानसभेने इलेक्ट्रिक सायकलीची वेगळी व्याख्या केलेली नाही, महाराष्ट्रानेही नाही. राज्याच्या हातात काय? वाहनांवरचा कर, तो राज्य यादीतला विषय. अनुदान: गोव्याचं इलेक्ट्रिक वाहन धोरण २०२१ चं आहे. कलम ११५ खाली एखाद्या रस्त्यावर किंवा पुलावर कुठलं वाहन चालेल ते. कलम २०० खाली तडजोडीने भरायची रक्कम, म्हणून एकाच गुन्ह्याची पावती दोन राज्यांत वेगळ्या आकड्याची निघते. आणि २०१९ च्या दुरुस्तीत आलेलं कलम १३८(१ए): पादचारी आणि बिनयांत्रिक वाहनं रस्त्यावर कशी वावरतील याचे नियम राज्याने करायचे.

पुण्यात 'काही लागत नाही' असं वाटतं ते न पकडल्यामुळे. मे २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या परिवहन आयुक्तांनी अशाच बेकायदा बदल केलेल्या ई-बाईकविरुद्ध मोहीम काढायला लावली होती. बंधू तेव्हा पुण्यातच असतील.

२५ हजारांचं कूळ: कलम १९९ए. अल्पवयीनाने मोटार वाहनासंबंधी गुन्हा केला तर पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड. वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन नाही. पालकाला माहिती नव्हती किंवा त्याने पुरेशी काळजी घेतली होती असं सिद्ध केलं तर सुटका आहे. पण ताई, माहिती नव्हती हे तुम्ही आता म्हणू शकत नाही, कारण तुम्ही धागा काढलाय.

याखेरीज विनालायसन ५ हजार (१८१), विनानोंदणी पहिल्या वेळी २ ते ५ हजार (१९२), विनाविमा २ हजार किंवा तीन महिने (१९६). हेल्मेटचे हजार वेगळे.

हे सगळं ती गाडी 'मोटार वाहन' ठरली तर. न ठरली तर यातलं एकही कलम लागत नाही. अख्खं प्रकरण त्या एका कागदाला टांगलेलं आहे.

---

बांद्याचो_झिल (बुधवार, सकाळी ७:१५)

कलमां वाचून माका चक्कर येता. मी रोज बांद्यासून गोव्यात तुयेंक कामाक जातंय, पत्रादेवीवरसून. इलेक्ट्रिक सायकल माजीय असा. सिंधुदुर्गात एक आणि पेडण्यात दुसरो असो कायदो नाय ह्या वाचून बरा वाटला. पण खरा सांगू? कागद असो नायतर नसो, अडवणारो अडवताच. त्येंका चिरीमिरी होयी असता.

---

मुंडकार (बुधवार, सकाळी ८:०५)

@झिल, कागद दाखवून बघितलात का कधी?

---

बांद्याचो_झिल (बुधवार, सकाळी ८:०९)

खयचो कागद?

---

काणकोणचं_कासव (बुधवार, सकाळी ८:११)

शेंगदाण्याची दुसरी पुडी फोडली.

---

जुनी_रॅले (बुधवार, सकाळी ९:३०)

आमच्या लहानपणी साध्या सायकलीला नगरपालिकेचा पत्र्याचा बिल्ला असे. दर वर्षी नवा. नसला की शिपाई धरी. रात्री दिवा नसला, डबलसीट असलात, तरी धरी. दंडाला पैसे नाहीत म्हटल्यावर तो दोन्ही चाकांची हवा सोडी आणि आम्ही हातात सायकल घेऊन घरापर्यंत. तेव्हा 'सायकलीला काही लागत नाही' हे नव्या पिढीचं सुख आहे, ते जपून वापरा.

अवांतर: सगळीकडे 'ई-बाईक, ई-बाईक' लिहितात त्याने गोंधळ वाढतो. महाराष्ट्राने २०२५ मध्ये 'ई-बाईक टॅक्सी' मंजूर केली ती मोटारसायकल, नंबर प्लेटवाली. आपले गोव्यातले पायलट (मोटारसायकल टॅक्सीवाले) पिवळ्या मडगार्डवर जे पिढ्यान् पिढ्या करत आलेत तेच. आणि पेडलवालीलाही ई-बाईकच म्हणतात. सायकलीला सायकल म्हणा.

---

बे_एरियातला_बार्देसकर (बुधवार, सकाळी १०:१०)

राज्याराज्यांत खरोखर वेगळा कायदा बघायचा असेल तर इकडे या. मूळ साळगावचा, आता कॅलिफोर्नियात.

अमेरिकेत केंद्राची व्याख्या आहे, पण ती मुख्यतः विक्रीच्या मालासाठी: ७५० वॉटपेक्षा कमी, नुसत्या मोटारवर ताशी २० मैलांच्या आत. रस्त्यावर काय चालेल ते राज्य ठरवतं. बऱ्याच राज्यांनी तीन वर्ग केले. पहिला, पेडल मारलं तरच मदत, २० मैलांपर्यंत (३२ किमी). दुसरा, मूठ पिळली तरी चालते, तीही २० पर्यंत. तिसरा, पेडलवालीच पण २८ मैलांपर्यंत (४५ किमी). कॅलिफोर्नियाने हे २०१५ मध्ये कायद्यात आणलं. इथे तिसऱ्या वर्गाला वय १६ आणि हेल्मेट सगळ्यांना सक्तीचं. पहिल्या दोन वर्गांना १८ खालच्यांनाच हेल्मेट. लायसन-नंबर कशालाच नाही. आणि तिकडे हवाईत गेलात तर इलेक्ट्रिक सायकलीची नोंदणी करावी लागते.

म्हणजे ताईंच्या मुलाची सायकल वॉटच्या हिशोबाने इकडे आरामात बसली असती. पण पोरांचा उद्योग इथेही तोच. सायकल म्हणून घेतात, पेडल नावाला, आणि मोबाईलच्या ॲपवरून वेगाचं कुलूप उघडतात. आमच्या कोपऱ्यावर संध्याकाळी चौदा-पंधरा वर्षांची पोरं ताशी ५०-६० ने जातात. त्यांना थांबवलं की आया म्हणतात, "दुकानदाराने सांगितलं होतं..."

एक गोष्ट मात्र तिकडे आणण्यासारखी. इथे प्रत्येक सायकलीवर कायमचं लेबल सक्तीचं आहे: वर्ग कुठला, वेग किती, मोटार किती वॉटची.

---

वायर_पक्कड (बुधवार, दुपारी १:१५)

आपली मर्यादा अमेरिकेच्या नव्हे, युरोपच्या जवळची आहे. तिथेही २५० वॉट, २५ किमी.

लेबलावरून आठवलं. @जाई, तुमच्या मोटारवर काय लिहिलंय? मागच्या चाकाच्या मधोमध जो जाड डबा असतो ना (हब मोटार), त्याच्या कडेला बघा. स्टिकर असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका, धातूवर कोरलेलं वाचा. बॅटरीवरचे व्होल्ट पण सांगा.

---

सत्तरीची_सून (बुधवार, दुपारी २:००)

मी वाळपईची. शाळेत शिकवते, रोज सहा किलोमीटर जाऊन-येऊन. माझी कमी वेगाची, २५ ची, प्रमाणपत्रवाली. लॅमिनेट करून सीटखाली ठेवलंय आणि फोनमध्येही आहे. दोनदा थांबवलं, दोन्ही वेळा कागद बघून सोडलं. दुसऱ्या वेळेस तर त्यानेच विचारलं, चार्ज किती लागतो म्हणून.

पण २५ चा वेग कसा असतो ते सांगते. मोठ्या रस्त्यावर मागून ट्रक आला की आपण म्हणजे गाय. हॉर्न वाजवतात आणि तेवढ्याच जागेतून काढतात. मी आरसे लावून घेतले, कायद्याने लागत नसताना. हेल्मेटही घालते. गेल्या ऑक्टोबरात वळणावर कुणीतरी रस्त्यावरच भात वाळत टाकलं होतं. अर्धा रस्ता पिवळाधमक, कडेला दगड मांडलेले. दगड चुकवायला गेले आणि दाण्यांवर चाक सटकलं. वेग वीसच्या आत असेल. कोपर सोललं, हेल्मेटला दहाच्या नाण्याएवढी खोक पडली. भातवाली म्हातारी धावत आली ती आधी भाताकडे.

मुलाला घालायला लावा हो. पोलिसांसाठी नव्हे.

---

काणकोणचं_कासव (बुधवार, दुपारी २:०६)

म्हातारी +१

---

कातरो_पाव (बुधवार, संध्याकाळी ५:४०)

धागा हायजॅक करतो, माफी.

आमच्या वाड्यावर रोज पहाटे साडेपाचला पोदेर (पाववाला) येतो. पों-पों, मागे बांबूची टोपली, वर निळं प्लास्टिक. माणूस पन्नाशीचा. आमचं घर चढावर. शेवटचा टप्पा तो सायकल ढकलतच आणतो, आणि वर पोचला की आधी धापा टाकतो, मग उंडे (गोल पाव) मोजतो. आम्ही चार घरांनी मिळून त्याच्या सायकलीला मोटारचं किट बसवून द्यायचं ठरवलंय. ऑनलाईन भरपूर दिसतात. हे कायदेशीर आहे का? आणि चढेल का?

---

वायर_पक्कड (बुधवार, संध्याकाळी ६:५०)

चढेल का ते मी सांगतो, कायदेशीर का ते मुंडकार सांगतील.

माणूस ६५, सायकल-किट-बॅटरी ३०, पाव-टोपली ३५ धरू. १३० किलो. चढ शेकडा ५ म्हणजे शंभर मीटरला पाच मीटर. ताशी १२ च्या वेगाने चढायचं तर १३० × ९.८ × ०.०५ × ३.३, साधारण २१० वॉट, वर टायरच्या घर्षणाचे ४० धरा. एकूण २५०. मोटार आपल्या हद्दीत राहून १८० देईल, उरलेले ७० पायांनी. सत्तर वॉट म्हणजे निवांत पेडल. धाप लागणार नाही. शेकडा ८ चा चढ असेल तर मात्र वेग ताशी ८-९ वर येईल आणि मोटार तापेल. आणि पुढच्या चाकात मोटार घालू नका, ओझं मागे असल्याने पुढचं चाक चढावर हलकं पडतं आणि घसरतं. पाऊस असेल तर विचारूच नका.

३६ व्होल्ट १० अँपिअर-तासाची बॅटरी पुरे. ३६० वॉट-तास. पूर्ण चार्जला अर्धा युनिटही लागत नाही. आणि ब्रेक! जुन्या सायकलीचे रॉडवाले ब्रेक १३० किलोला उतारावर पुरत नाहीत. आधी ब्रेक, मग मोटार.

---

मुंडकार (बुधवार, रात्री ९:१५)

कायद्याचं उत्तर तितकं गोड नाही. सवलत मिळते ती तपासून मंजूर केलेल्या वाहनाला. जुन्या सायकलीवर घरी बसवलेल्या किटला तसला कागद कुठून येणार? किट कितीही पापभीरू असो, २०० वॉटचं असो, काटेकोर वाचलं तर सवलत सिद्ध करायला हातात काही नाही. पोदेराला पहाटे साडेपाचला कुणी अडवेल असं नाही. पण टोपलीसकट कुणाला धडकला तर समोरच्याचा वकील पहिला प्रश्न हाच विचारील. मी असतो तर विचारला असता.

त्यापेक्षा प्रमाणपत्र असलेली, मागे दणकट कॅरियर असलेली तयार सायकल बघा. चार घरांऐवजी सहा घरं जमवा.

धडकण्यावरून ताईंसाठी: मोटार वाहन ठरलं आणि विमा नसला, तर अपघाताची भरपाई मालकाच्या खिशातून जाते. दंडाची रक्कम ठरलेली असते, हिला तसं वर छप्पर नसतं. आणि सवलतीतली सायकल असली तरी बेफाम चालवणं माफ नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ कुठल्याही वाहनाला लागतं, साध्या सायकलीलाही.

---

बांद्याचो_झिल (बुधवार, रात्री ९:३२)

माज्या सायकलीचो कागद सापडलो!! बायलेन गॅसच्या पुस्तकात घालून ठेवल्यान. आयकॅटचो असा. माका म्हायतीच नाय हुतो. सकाळी बोललंय ता अर्धा मागे घेतंय. अर्धाच.

---

म्हार्दोळची_जाई (गुरुवार, रात्री ८:४५)

सगळ्यांचे आभार. आता ऐका.

काल ऑफिसातून आल्यावर टॉर्च घेऊन मागच्या चाकाशी बसले. मोटारच्या डब्यावर चकचकीत स्टिकर होता: '२५० वॉट'. होता म्हणजे अर्धा होता, चार महिन्यांच्या पावसाने एक कोपरा सुटून वर आला होता. नखाने ओढला तर आख्खा निघून आला, मागे डिंकाचा चौकोन. फडक्याने पुसला. खाली धातूवर कोरलेलं: ४८ व्होल्ट, ५०० वॉट.

मुलगा शेजारी उभा होता. मी त्याच्याकडे पाहिलं, तो छताकडे. मग कबूल झाला. सीटखाली दोन पांढऱ्या वायरी असतात, त्या जोडलेल्या असल्या की २५, सुटल्या की सुसाट. दुकानातून आली तेव्हाच सुट्या होत्या आणि तिथल्या पोराने त्याला दाखवूनही ठेवलं होतं, "आईने विचारलं तर जोड". सगळ्या वर्गाला ठाऊक आहे म्हणे. फक्त आयांना नाही.

आज दुकानात गेले. आधी म्हणाला, स्टिकर कंपनीतूनच येतो. मग म्हणाला, वायर जोडा ना मॅडम, २५ च पळेल, झालं. प्रमाणपत्र मागितलं तर 'मागवतो, आठ दिवस लागतील'. बिलावर काय लिहिलंय माहीत आहे? 'ई-सायकल, १ नग'. मॉडेलचं नाव नाही, वॉट नाहीत, काही नाही. मे महिन्यापासून ते बिल माझ्या कपाटात होतं आणि रोज लोकांचे कर्जाचे कागद तपासणारी मी, ते एकदाही वाचलं नव्हतं.

वायर जोडली तर चालेल का खरंच?

---

वायर_पक्कड (गुरुवार, रात्री ९:००)

नाही. वेगाची अट पाळली जाईल, शक्तीची नाही. ५०० ची मोटार २५ ने पळवली तरी ५०० चीच.

---

मुंडकार (गुरुवार, रात्री ९:४०)

दोन्ही अटी पाहिजेत, बरोबर.

दुकानदाराला दोन गोष्टी शांतपणे सांगा. एक, कलम १८२ए: नियम मोडून बनवलेलं किंवा बदललेलं मोटार वाहन विकणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दर वाहनामागे एक लाख दंड, किंवा दोन्ही. वाहन बदलणाऱ्या मालकालाही त्याच कलमात सहा महिने किंवा दर बदलामागे ५ हजार आहेत, म्हणून त्या वायरीला तुम्ही हातही लावू नका, जशी आहे तशी फोटो काढून ठेवा. स्टिकरही फेकू नका. दोन, ग्राहक संरक्षण कायदा २०१९. फोंडा तालुका दक्षिण गोव्यात, तेव्हा मडगावचा जिल्हा आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, तक्रार ऑनलाईनही करता येते, वकीलही लागत नाही. मुदत दोन वर्षं. त्याआधी १९१५ वर (ग्राहक हेल्पलाईन) फोन करून नोंद करा.

तक्रारीचा मसुदा छापून नेऊन नुसता काउंटरवर ठेवा. बोलू नका.

---

सत्तरीची_सून (गुरुवार, रात्री १०:०५)

आणि पुढची घेताना प्रमाणपत्र आधी मागा, चहा नंतर. त्यावरचं मॉडेलचं नाव आणि सायकलीवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. आमच्याकडे एकाला दिलेलं प्रमाणपत्र खरं होतं, पण भलत्याच मॉडेलचं.

---

कातरो_पाव (शुक्रवार, सकाळी ६:१०)

पोदेराला आज सगळं समजावून सांगितलं. किट नको, तयार घेऊ म्हटलं. तो म्हणाला, सायकल बदलली तर चालेल, पण हॉर्न हाच पाहिजे, लोक मला हॉर्नवरून ओळखतात. सातवं घर मिळालंय.

एक शंका: पणजीला अटल सेतूवरून इलेक्ट्रिक सायकल जाते का? भावाला हवंय.

---

जुनी_रॅले (शुक्रवार, सकाळी ८:२०)

अटल सेतूवर दुचाकींनाच बंदी आहे, बॅटरीची असो वा पेट्रोलची. भावाला जुन्या पुलावरून जायला सांगा, किंवा बेतीहून फेरीबोट. फेरीत वारा तरी लागतो.

---

म्हार्दोळची_जाई (पुढचा बुधवार, रात्री ९:३०)

धागा वर काढते आहे.

मसुदा काउंटरवर ठेवला. बोलले नाही. त्याने पहिलं पान वाचलं, दुसरं उलटलं, आत जाऊन कुणाला तरी फोन केला. ३४ हजार परत. चार हजार 'वापराचे' म्हणे. भांडले असते, पण सासूबाई म्हणाल्या, तेवढ्यात त्याच्या मनाचं समाधान होत असेल तर होऊ दे. सायकल तिथेच सोडून आले. येताना पाहिलं, बाहेर तसल्याच आणखी सहा उभ्या होत्या. सगळ्यांना स्टिकर. तेव्हा १९१५ वर नोंद केलीच.

नवी घेतली ती पेडल मारल्याशिवाय हलतच नाही. एआरएआयचं प्रमाणपत्र, मॉडेलचं नाव भिंग लावून जुळवलं, दुकानातली मुलगी हसत होती. पोरगं फुगून बसलंय. "मग यात आणि साध्या सायकलीत फरक काय?" म्हणून विचारतं. काल फर्मागुडीचा चढ चढून आलं तेव्हा मात्र काही बोललं नाही. हेल्मेट घालून गेलं होतं, कोपऱ्यावर वळेपर्यंत तरी.

---

काणकोणचं_कासव (बुधवार, रात्री ९:३४)

शेंगदाणे संपले. ताई, मुलाच्या वर्गमित्रांच्या आयांना ही लिंक पाठवली का?

---

म्हार्दोळची_जाई (बुधवार, रात्री ९:४१)

वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. तेव्हापासून मुलगा माझ्याशी बोलत नाही.